दरी नेमकी कधी पडते? आधी मोजपट्टी तपासू

गरीब आणि श्रीमंत घरांतली मुलं पहिलीच्या वर्गात साधारण सारखीच येतात आणि पुढे दरवर्षी त्यांच्यातलं अंतर वाढत जातं, असा एक समज सगळीकडे आढळतो. भाषणांत, लेखांत, शिक्षणावरच्या चर्चांत हे इतक्या वेळा म्हटलं जातं की ते सिद्ध झालेलं आहे असंच आपण धरून चालतो. मग कोणी शाळेला दोष देतं, कोणी मोठ्या सुट्टीला, कोणी पालकांना. गेल्या दहा वर्षांतल्या संशोधनाने मात्र या समजाला जोरदार धक्का दिला आहे. हा धक्का जिथून आला ती जागा फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि मला स्वतःला या विषयातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो.

अंतर आहे, यात वाद नाही. 2022 सालच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत 81 देश आणि प्रदेशांतली पंधरा वर्षांची सुमारे 6 लाख 90 हजार मुलं बसली होती. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी पाहिली, तर घरच्या परिस्थितीनुसार वरच्या पाव हिश्शातली मुलं आणि खालच्या पाव हिश्शातली मुलं यांच्यात गणितात 93 गुणांचा फरक निघाला. घरची परिस्थिती आणि गुण यांचा काही संबंधच नसता, तर खालच्या पाव हिश्शातल्या 100 मुलांपैकी 25 मुलं आपापल्या देशातल्या सर्वोत्तम पाव हिश्शात दिसली असती. प्रत्यक्षात ती 10 दिसतात. या दहांपैकी कोणाची तरी कहाणी बातमीत येते आणि ‘जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही’ असा मथळा लागतो. जी पंधरा मुलं तिथे असायला हवी होती आणि नाहीत, त्यांच्याबद्दल तो मथळा काहीच सांगत नाही.

या विषयाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची सुरुवात बहुतेक जण 1966 पासून धरतात. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली त्या वर्षी एक प्रचंड पाहणी अहवाल प्रसिद्ध झाला. इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालयं यांतल्या फरकापेक्षा मुलाच्या घरची पार्श्वभूमी गुणांशी जास्त निगडित आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पण ही पाहणी म्हणजे एका क्षणाचा फोटो होता. अंतर कधी तयार होतं हे त्यातून कळणार नव्हतं. त्यासाठी तीच मुलं पुन्हा पुन्हा तपासावी लागतात.

ते काम बाल्टिमोर शहरात झालं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एन्टविसल यांनी 1982 मध्ये पहिलीत आलेली सुमारे 800 मुलं निवडली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. सुरुवातीच्या इयत्तांत वर्षातून दोनदा चाचणी होत असे, शाळा सुरू झाल्यावर एकदा आणि वर्ष संपताना एकदा. त्यामुळे शाळेच्या महिन्यांत काय घडलं आणि सुट्टीत काय घडलं, हे वेगळं काढता आलं. निकाल थक्क करणारा होता. शाळा चालू असताना दोन्ही गटांची प्रगती जवळपास सारखी, आणि सुट्टीत मात्र श्रीमंत मुलं पुढे सरकतात, गरीब मुलं तिथेच राहतात. 2007 मध्ये त्यांनी हिशेब मांडला, त्यानुसार नववीत दिसणाऱ्या अंतरापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग प्राथमिक शाळेच्या सुट्ट्यांमधून आला होता. हा आकडा जगभर गाजला आणि सुट्टीतल्या वर्गांच्या किती तरी योजना त्याच्या आधाराने उभ्या राहिल्या.

आता मोजपट्टीकडे येऊ.

मुलाची उंची मोजताना 90 ते 95 आणि 140 ते 145 ही दोन्ही अंतरं 5 सेंटिमीटरच असतात, याची आपल्याला खात्री असते. चाचणीच्या गुणांबाबत ती खात्री नसते. चाचणी ही रबराची पट्टी आहे, काही ठिकाणी ताणलेली आणि काही ठिकाणी आकसलेली. हे नुसतं म्हणून भागणार नाही, आकडे घालून पाहू.

डेन्मार्कचे गणितज्ञ जॉर्ज राश यांनी 1960 मध्ये एक सोपं प्रारूप मांडलं. प्रत्येक मुलाची एक क्षमता असते आणि प्रत्येक प्रश्नाचं एक काठिण्य असतं. दोन्ही एकाच मापावर मोजायची. क्षमता आणि काठिण्य समान असतील, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता 50 टक्के. क्षमता एका एककाने जास्त असेल तर 73 टक्के, दोनने जास्त असेल तर 88, तीनने जास्त असेल तर 95. उलट दिशेला, एकने कमी असेल तर 27 टक्के आणि दोनने कमी असेल तर 12. (प्रत्येक एककामागे, बरोबर येण्याच्या शक्यतेचं चुकण्याच्या शक्यतेशी असलेलं गुणोत्तर 2.72 पटीने वाढतं. हे आकडे त्यातूनच येतात.)

समजा, 100 प्रश्नांची एक चाचणी आहे आणि सगळ्या प्रश्नांचं काठिण्य शून्य आहे. दोन मुली आहेत. पहिलीची क्षमता उणे 2, दुसरीची उणे 1. म्हणजे त्यांच्यातलं खरं अंतर एक एकक. चाचणीत त्यांना साधारण 12 आणि 27 गुण पडतील. फरक 15. वर्षभरात दोघी अगदी सारख्या शिकल्या, दोघींची क्षमता दोन-दोन एककांनी वाढली. आता त्या शून्य आणि एकवर आहेत. गुण 50 आणि 73, फरक 23. दरी वाढली! आणखी एक वर्ष, पुन्हा दोघींची दोन-दोन एककांची प्रगती. गुण 88 आणि 95, फरक 7. दरी जवळपास मिटली! प्रत्यक्षात त्यांच्यातलं अंतर या सगळ्या काळात एक एकक होतं आणि एकच राहिलं. 15, 23, 7 हे चढउतार प्रश्नांच्या काठिण्यातून आले आहेत.

आता हीच गोष्ट सुट्टीला लावून पाहू. वर्षाच्या शेवटी जुन्या इयत्तेची चाचणी झाली आणि फरक आला 7. सुट्टीनंतर मुली पुढच्या इयत्तेत गेल्या, म्हणून त्यांना त्या इयत्तेची चाचणी दिली, जिचे प्रश्न दोन एककांनी कठीण आहेत. सुट्टीत दोघी काहीही शिकल्या नाहीत आणि काहीही विसरल्या नाहीत असं धरा. तरी आता गुण येतील 50 आणि 73. फरक 7 वरून 23 वर गेला. सुट्टीने दरी तिप्पट केली असं आपण छातीठोकपणे सांगू, आणि घडलं एवढंच की प्रश्नपत्रिका बदलली.

चाचण्या बनवणारे अर्थातच हे जाणतात आणि कच्चे गुण तसेच वापरत नाहीत. वेगवेगळ्या इयत्तांच्या चाचण्या एका समान मापावर आणण्यासाठी ते गुणांचं रूपांतर करतात. पण बाल्टिमोरच्या अभ्यासाच्या काळात त्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांची 1920 च्या दशकातली जुनी पद्धत प्रचलित होती. तिच्यात मुलं मोठी होतात तसा गुणांचा पसारा वाढत जातो, त्यामुळे कुठल्याही दोन गटांतलं अंतर वयानुसार फुगलेलं दिसतं. शिवाय चाचणीची प्रत बदलायची वेळ सुट्टीनंतरच येत होती. टेक्सास विद्यापीठाचे पॉल फॉन हिपेल हे स्वतः सुट्टीच्या सिद्धांताचे समर्थक होते, त्यांनी त्या बाजूने शोधनिबंधही लिहिले होते. 2018 आणि 2019 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न नव्या मापांवर पुन्हा तपासला. अमेरिकेत 1998 आणि 2010 मध्ये बालवाडीत, म्हणजे साधारण पाचव्या वर्षी, आलेल्या मुलांचे दोन देशव्यापी अभ्यास त्यांच्या हाताशी होते. त्यांतल्या चाचण्यांत आधी थोडे प्रश्न विचारून मुलाची पातळी पाहतात आणि मग तिला साजेसे सोपे किंवा कठीण प्रश्न देतात.

निष्कर्ष असा की अंतराचा सर्वांत मोठा भाग मूल बालवाडीत पाऊल टाकतं त्याआधीच तयार झालेला असतो. त्यानंतर ते थोडं वरखाली होतं, पण बाल्टिमोरच्या आकड्यांसारखं फुगत जात नाही. नव्या अभ्यासात तर शाळेच्या महिन्यांत गरीब-श्रीमंत अंतर किंचित आटतं आणि सुट्टीत किंचित वाढतं, असंच चित्र निघालं. शाळेला विषमतेचा कारखाना म्हणणाऱ्यांनी यावर गंभीरपणे विचार करायला हवा.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. राश यांचं एकक तरी खरं एकक आहे का? गणिताच्या कडक नियमाने पाहिलं तर चाचणी फक्त क्रम सांगते, कोण पुढे आणि कोण मागे. दोन क्रमांकांमधलं अंतर हे गृहीतकातून येतं. टिमोथी बाँड आणि केव्हिन लँग या अर्थशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवलं की क्रमाला धक्का न लावता माप नुसतं वेगळ्या तऱ्हेने ताणलं, तरी गटांमधलं अंतर वाढतंय की घटतंय याचं उत्तर बदलू शकतं. म्हणून बरेच संशोधक त्या त्या वयाच्या मुलांमधल्या पसाऱ्याच्या तुलनेत, म्हणजे प्रमाण विचलनात, अंतर सांगतात. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी 2011 मध्ये असंच केलं. उत्पन्नाच्या उतरंडीत खालून नव्वदाव्या आणि दहाव्या टक्क्यावरच्या अमेरिकी मुलांमधलं अंतर त्यांना सुमारे सव्वा प्रमाण विचलन आढळलं, आणि त्यांच्या पंचवीस वर्षं आधी जन्मलेल्या मुलांमधल्या अंतरापेक्षा ते 30 ते 40 टक्क्यांनी जास्त होतं. 2019 मध्ये एरिक हनुशेक आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या चाचण्या वापरून सांगितलं की अंतर जवळपास पन्नास वर्षं तसंच आहे.

दोघंही प्रामाणिक, दोघंही निष्णात, मग असं का व्हावं? यामागे चाचण्यांची निवडही असू शकते आणि चाचणीतला गोंगाटही. मूल त्या दिवशी दमलेलं असतं, अंदाजाने टिचकी मारतं, त्यामुळे गुणांत यादृच्छिक चढउतार मिसळतात आणि पसारा विनाकारण वाढतो. चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे गुणांच्या पसाऱ्यात खऱ्या फरकाचा वाटा, 0.7 असेल तर सव्वाचं खरं अंतर 1.05 दिसतं, 0.9 असेल तर 1.19 दिसतं. मुलं तीच, फक्त चाचणी सुधारली, आणि दरी वाढल्याचा भास होतो. रिअर्डन यांनी यासाठी दुरुस्ती केली होती, पण प्रत्येक दुरुस्तीलाही एक अंदाज लागतो. मोजपट्टीचं दुसरं टोक, म्हणजे गरिबी, तेही डळमळीत आहे. अमेरिकेत शाळेतल्या मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असणं ही गरिबीची खूण मानली जायची. 2014 पासून गरीब वस्तीतल्या शाळांना देशभर सगळ्याच मुलांना मोफत जेवण देण्याची मुभा मिळाली. मुलांसाठी ते फार चांगलं झालं, पण ती खूण जवळपास निकामी झाली.

तर मग पाच वर्षांच्या आत काय घडतं? इथे जाहिरातबाजीला ऊत येतो. बोटांचे ठसे पाहून मुलाची बुद्धी आणि कल सांगणाऱ्या चाचण्या पालकांना विकल्या जातात. ठशांच्या रेषा गर्भातच, सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात आणि बुद्धीशी त्यांचा संबंध दाखवणारा कोणताही पुरावा नाही. ही शुद्ध फसवणूक आहे, आणि ज्यांना ती सर्वांत महाग पडते तेच पालक तिला बळी पडतात. ‘तीन कोटी शब्दांची दरी’, म्हणजे श्रीमंत घरातल्या लहान मुलाच्या कानावर गरीब घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द जास्त पडतात, हा आकडाही असाच बेताल वापरला गेला. हार्ट आणि रिस्ली यांच्या 1995 च्या त्या अभ्यासात एकूण 42 कुटुंबं होती आणि सरकारी मदतीवर जगणारी केवळ 6. एवढ्यावरून आकडेमोड पुढे ताणून तीन कोटी आले. 2018 मध्ये रेचल रोमियो यांनी 36 मुलांवर केलेलं काम मला जास्त बोलकं वाटतं. घरात किती शब्द कानावर पडतात यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याची देवाणघेवाण किती होते, याचा संबंध मेंदूतल्या भाषेशी निगडित भागाच्या हालचालीशी दिसला, आणि घरचं उत्पन्न हिशेबात धरूनही तो टिकला. अभ्यास लहान आहे, तेवढंच त्याचं वजन धरावं.

पैसा हेच कारण आहे का, हे तपासण्याचा सर्वांत थेट प्रयोग 2018 मध्ये अमेरिकेत सुरू झाला. 1000 गरीब मातांपैकी काहींना दरमहा 333 डॉलर आणि काहींना 20 डॉलर, निवड चिठ्ठी टाकावी तशी, निव्वळ योगायोगाने. मुलं वर्षाची झाल्यावर मेंदूलहरींत फरक दिसल्याची बातमी 2022 मध्ये गाजली. 2025 मध्ये चार वर्षांच्या वयाचे निकाल आले, तेव्हा भाषा आणि विचारक्षमतेच्या मोजमापांत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. दुसरीकडे डाल आणि लॉकनर यांनी 2012 मध्ये करसवलतीतून मिळालेल्या पैशांचा अभ्यास केला होता. त्यांना 1000 डॉलरमागे गुणांत प्रमाण विचलनाच्या 6 टक्के वाढ आढळली होती. वय वेगळं, काळ वेगळा, मोजमापं वेगळी. एका निकालाने दुसरा खोटा ठरत नाही.

शाळेच्या दारातलं हे अंतर हलतच नाही असंही नाही. रिअर्डन आणि पोर्टिया यांनी 1998 आणि 2010 च्या त्याच दोन देशव्यापी अभ्यासांची तुलना केली, तेव्हा बालवाडीत प्रवेश करतानाचं उत्पन्नानुसारचं अंतर गणितात सुमारे 10 टक्क्यांनी आणि वाचनात सुमारे 16 टक्क्यांनी घटलेलं आढळलं. ही तुलना प्रमाण विचलनात होती, म्हणजे वर सांगितलेले सगळे प्रश्न तिलाही विचारायला हवेत. पण त्याच बारा वर्षांत गरीब घरांतल्या मुलांकडे पुस्तकं वाढली होती आणि पालक त्यांना जास्त वेळा वाचून दाखवू लागले होते, हे एका वेगळ्या अभ्यासात दिसलं. त्याची नोंद पालकांना विचारलेल्या प्रश्नांतून झाली होती, चाचणीच्या गुणांतून नव्हे.