कंत्राटी कामगार आणि १९७१ चा कायदा : दाद मागण्याच्या वाटेची पार्श्वभूमी

कामावर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध महाराष्ट्रातील कामगाराला थेट न्यायालयात जाण्याची वाट १९७१ च्या राज्य कायद्याने, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने, खुली केली. त्याआधी १९३८ आणि १९४६ चे मुंबई प्रांताचे कायदे होते, पण त्यांचा रोख प्रामुख्याने कापडगिरण्या आणि प्रातिनिधिक युनियन (उद्योगातील सर्व कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळालेली संघटना) यांच्याकडे होता. १९४७ च्या केंद्रीय औद्योगिक विवाद कायद्यात वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही हे सरकार ठरवीत असे, त्यामुळे कामावरून काढलेल्या माणसाचे पहिले वर्ष बहुधा समेट अधिकाऱ्यासमोर तारखा घेण्यातच जाई. राज्याने १९६८ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामातून नवा कायदा आकाराला आला आणि ८ सप्टेंबर १९७५ पासून तो अमलात आला. अनुचित प्रथा घडल्यापासून ९० दिवसांत तक्रार, सरकारच्या परवानगीची गरज नाही आणि अंतरिम आदेशाची सोय, हे त्याचे खरे बळ होते.

मालकाच्या अनुचित प्रथांची यादी देणाऱ्या त्यातील चौथ्या अनुसूचीचे सहावे कलम कामगारांच्या तोंडी आजही आहे. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली (म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी), हंगामी किंवा तात्पुरते म्हणून राबवून घेणे ही अनुचित प्रथा आहे, असे ते सांगते. वर्षभराची सलग सेवा मानण्यासाठी लागणारे २४० दिवस भरण्याच्या तोंडावर ‘ब्रेक’ द्यायचा आणि त्याच माणसाला त्याच मशीनवर नवीन म्हणून पुन्हा घ्यायचे, ही पद्धत औद्योगिक वसाहतींत सर्वांच्या परिचयाची असल्याने या कलमाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अनुचित प्रथांची अशी यादी केंद्राने १९४७ च्या कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने स्वीकारली आणि ती १९८४ मध्ये लागू झाली. तेव्हा शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही यादी पुढे चालवली, मात्र पहिल्या अपराधासाठी कैद काढून दहा हजार ते दोन लाख रुपयांचा दंड ठेवला.

खरी कोंडी झाली ती २००१ मध्ये. एका पोलाद कंपनीच्या कॅन्टीनमधील कामगारांनी आपण ठेकेदाराचे नसून कंपनीचेच नोकर आहोत, असे म्हणत १९७१ च्या कायद्याखाली तक्रार केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती चालण्यायोग्य नाही असे ठरवले. त्याच वर्षी एका औषध कंपनीच्या कंत्राटी कामगारांबाबतही तोच निष्कर्ष आला आणि २००३ च्या निकालाने तो पक्का केला. मालक-नोकर संबंध निर्विवाद असेल तरच या कायद्याखाली तक्रार ऐकता येईल. संबंधच नाकारला गेला असेल तर कामगाराने तो आधी दुसऱ्या कायद्याखाली सिद्ध करून घ्यावा आणि मग यावे, असा त्याचा अर्थ. या कायद्यातील चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असल्याने एवढा मूलभूत प्रश्न तिच्यात सोडवता येत नाही, या युक्तिवादाला आधार आहे हे मान्य करावे लागेल. परंतु प्रत्यक्षात काय होते? गेटपासवर ठेकेदाराचे नाव, पगारपत्रक ठेकेदाराचे, भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांकही त्याच्याच नावे; तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, भांडी, चूल आणि चुलीपुढचा माणूस तोच राहतो. अशा माणसाची तक्रार दारातच थांबवायला मालकाचे ‘हा आमचा नव्हे’ एवढे लेखी म्हणणे पुरू लागले. ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यालाच ९० दिवसांची वाट बंद झाली आणि तो पुन्हा १९४७ च्या लांब रस्त्यावर आला.

ऑगस्ट २००१ मधील घटनापीठाच्या निकालाने ही वाट आणखी अरुंद केली. कंत्राटी पद्धत एखाद्या कामावर बंद केली की तेथील कामगार आपोआप मुख्य मालकाचे (ठेकेदाराकडून काम करून घेणाऱ्या कंपनीचे वा संस्थेचे) होतात, हा १९९६ चा निकाल रद्द झाला. कंत्राट केवळ दिखाऊ असल्यास न्यायाधिकरण कामगारांना मुख्य मालकाचे ठरवू शकते, एवढा मार्ग मात्र शाबूत राहिला.

२००६ मध्ये सरकारी नोकरीत मागच्या दाराने कायम होता येणार नाही असा निकाल आल्यावर सार्वजनिक संस्थांनी तो सर्वत्र पुढे केला. २००९ मध्ये राज्याच्या प्रवासी वाहतूक महामंडळातील गाड्या धुणाऱ्या सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले, की त्या निकालाने १९७१ च्या कायद्याखालील औद्योगिक न्यायालयाचे अधिकार हिरावले जात नाहीत. हा निकाल नसता तर सहावे कलम महामंडळांपुरते कागदावरच उरले असते.

मुंबईच्या महापालिकेत कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना मात्र लांबच्याच रस्त्याने जावे लागले. कंत्राट दिखाऊ असल्याचे न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांच्या कायम होण्यावर शिक्कामोर्तब केले, आणि त्यानंतरही यादीतील नाव व ओळखपत्रावरील नाव यांच्या अक्षरांत फरक आहे, या कारणावरून त्यांतील अनेकांची नेमणूक वर्षानुवर्षे अडून राहिली.