अल्टरनेटर खोलण्याआधी: दोष त्याचा की बॅटरीचा?

सकाळी पिकअप सुरू होत नाही, सेल्फ नुसता कट-कट वाजतो आणि लगेच निदान होतं, "अल्टरनेटर गेला." पुष्कळदा गेलेली असते बॅटरी, आणि चांगला अल्टरनेटर उगाच उतरवला जातो.

बॅटरी सेल्फला ताकद देते. इंजिन सुरू झालं की गाडीचा विजेचा भार अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, उचलतो, वर बॅटरीही भरतो. म्हणून जंप दिल्यावर (दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून सुरू केल्यावर) गाडी दिवसभर नीट चालली, तर संशय बॅटरीवर घ्या. चालता चालता हेडलाइट पिवळे पडत जाऊन इंजिन बंद पडलं, तर अल्टरनेटरवर. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं, तरी तो चार्जिंग बिघडल्याचं सांगतो.

खात्री मीटरनेच करा. काही तास उभ्या गाडीत भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 हवेत. काही नव्या गाड्या मुद्दाम कमी व्होल्टेज ठेवतात, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून बघा. तरीही आकडा खाली खालीच सरकत असेल, तर चार्जिंग होत नाही. पण तेवढ्यावर पाना हातात घेऊ नका, आधी बेल्ट सैल आहे का आणि अल्टरनेटरच्या जाड वायरीचा नट गंजलाय का ते पाहा.

खरी फसगत डायोडची, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची. अल्टरनेटरमधला एखादा डायोड गळका झाला, तर उभ्या गाडीतली बॅटरी रात्रभरात उतरते. लोक नवी बॅटरी टाकतात आणि तीही उतरते. अशा वेळी इंजिन बंद करून काही तासांनी अल्टरनेटरला हात लावा. बाकीचं इंजिन गार झाल्यावरही तो कोमट लागला, तर दोष तिथेच. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायची जुनी पद्धत मात्र कृपया सोडा. व्होल्टेज उसळून इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

अल्टरनेटरच दोषी ठरला, तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. मागची जाड वायर चावी बंद असतानाही जिवंत असते, पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. बेल्टचा फोटो काढून ठेवा, मग टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) सैल करा. कित्येक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो, तिथे ऑइलचे पाइपही सोडवावे लागतात. नवा बसवण्याआधी उतरलेली बॅटरी चार्जरवर भरून घ्या, नाहीतर तो पहिल्याच दिवशी पूर्ण भाराने तापत राहील.