समलिंगी व्यक्तींची उघड सैन्यसेवा (ग्रामीण विदर्भ)

आपण समलिंगी आहोत हे न लपवता सैन्यात नोकरी करणे. नेदरलँड्सने १९७४ मध्ये ही मुभा दिली, ब्रिटनने २००० साली बंदी उठवली आणि अमेरिकेत ओळख लपवली तरच नोकरी टिकू देणारे ‘विचारू नका, सांगू नका’ हे धोरण २० सप्टेंबर २०११ रोजी संपले. भारतीय सैन्यात अशी मुभा नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. सैन्याचा कारभार मात्र होता तसाच राहिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांना संसद मुरड घालू शकते. सेना अधिनियम, १९५० च्या कलम ४६ मध्ये असभ्य किंवा ‘अनैसर्गिक’ वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. सैन्यात हे चालू देणार नाही, असे तत्कालीन लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. नीट वाचले तर कलमाची शिक्षा वर्तनाला आहे, नुसते समलिंगी असण्याला नाही. पण हा भेद वकिलाच्या कामाचा. बराकीत त्याचा आधार फारसा नाही.

विदर्भातल्या खेड्यांत भरतीची तयारी डांबरी रस्त्यावरच होते. पहाटे अंधारात पोरं सोळाशे मीटर धावतात, कडेला एकजण मोबाईलवर वेळ लावून उभा असतो. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरात ही नोकरी म्हणजे महिन्याला येणारा नक्की पैसा. निवड झाली की स्टँडवर अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. अशा पोराची बडतर्फी त्याच्या एकट्याची राहत नाही, अख्खे गाव कारण विचारते.

खरी अडचण अनेकदा सुट्टीत येते. शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळेनात, त्यामुळे नोकरीवाल्या पोराला मागणी मोठी. फौजी घरी आला की सोयरिकीची बोलणी सुरूच. २०२२ पासूनच्या अग्निपथ (अग्निवीर भरती) योजनेत उमेदवार अविवाहित असण्याची अट आहे आणि सेवा चार वर्षांची. ज्याला लग्नच नको आहे त्याला या अटीने आयतेच निमित्त दिले, हा योजनेचा कोणी न ठरवलेला परिणाम म्हणावा लागेल. मुदत संपली की मात्र तेही निमित्त उरत नाही.

त्याच रस्त्यावर पोलीस भरतीचीही मुले धावतात. राज्य पोलीस दलाला सेना अधिनियम लागू नाही, त्यामुळे २०१८ च्या निकालाचे संरक्षण पोलीस शिपायाला थेट मिळते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात प्रश्न गेल्यावर राज्याने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्यायही दिला. गावातल्या बोलण्यात तृतीयपंथी आणि समलिंगी यांची सर्रास गल्लत होते. हा पर्याय लिंगओळखीपुरता, म्हणजे उमेदवार स्वतःला स्त्री, पुरुष की तृतीयपंथी मानतो एवढ्यापुरता आहे. आकर्षण कोणाविषयी वाटते, याबद्दल पोलीस भरतीचा अर्जही काही विचारत नाही.