दूध भरपूर, तरी रक्त कमी

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांतल्या गरोदर-बाळंत स्त्रिया आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ‘विक’ ही सरकारी पोषण योजना आहे; तिची सुरुवात १९७२ मध्ये प्रायोगिक कार्यक्रम म्हणून झाली. तिच्या शिध्यात वर्षाच्या आतल्या बाळाला गाईचं दूध मिळत नाही. हा कंजूषपणा नव्हे, त्यामागे लोहाचा हिशेब आहे.

जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारण चार ते सहा महिने पुरतो. मग सात ते बारा महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं. गाईच्या दुधात ते लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे गरज भागवायला वीस लिटरच्या वर दूध! शिवाय त्यातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन लोहाचं शोषण अडवतात, आणि कोवळ्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून फॉर्म्युला दुधात लिटरमागे किमान १० मिलिग्रॅम आणि बाळाच्या कोरड्या सिरियलमध्ये (धान्याच्या तयार भुकटीत) १०० ग्रॅममागे किमान ४५ मिलिग्रॅम लोह हवंच, असा योजनेचा नियम आहे.

पण पोटात गेलेलं लोह रक्तात पोचतंच असं नाही. लोहाची दोन रूपं असतात, फेरिक आणि फेरस; धान्यातलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं. आतड्याच्या पेशीवरचं डीएमटी-१ हे दार फक्त फेरस रूपालाच आत घेतं. क जीवनसत्त्व फेरिकचं फेरस करतं, म्हणून ते त्याच जेवणात हवं. सकाळी सिरियल आणि संध्याकाळी संत्रं, याचा उपयोग नाही. पेशीतून रक्तात जायला दुसरं दार लागतं, फेरोपोर्टिन. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन हे संप्रेरक ते बंद करतं. जंतुसंसर्ग झाला की हेप्सिडिन वाढतं, लोह पेशीतच अडकतं आणि काही दिवसांत ती पेशी झडली की तिच्यासोबत शौचावाटे जातं. सारखं आजारी पडणारं मूल नीट खाऊनही फिकट का राहतं, त्याचं एक कारण हे. (लाल पदार्थ खाल्ला की रक्त वाढतं, या समजुतीला आधार नाही. बीटाचा रंग बीटालेन या रंगद्रव्याचा असतो, लोहाचा नव्हे.)

तपासणीतही घोळ होतो. बोट टोचून रक्त येत नाही म्हणून जोरात दाबलं, तर ऊतींतलं पाणी मिसळून हिमोग्लोबिन खोटं कमी दिसतं. बोट आधी ऊबदार करावं, पहिला थेंब पुसून टाकावा. उलट, आकडा बरा आला म्हणून निर्धास्तही होऊ नये: आधी साठा, म्हणजे फेरिटिन, घटतं, हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी.