हळिवाचा ट्रे परत आणण्यापूर्वी

घरी ट्रेमध्ये कोवळा हळीव उगवायला आमच्याकडून बी नेलं की पेरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन ठरलेला: "पांढरी बुरशी आलीय, बदलून द्या." काहीजण तर फोनही करत नाहीत, सरळ कचऱ्यात टाकतात आणि नवं पाकीट न्यायला येतात. विक्री होते, पण असली विक्री आम्हाला नको.

ती बहुतेक वेळा बुरशी नसतेच. कोवळ्या मुळांना फुटलेली बारीक लव असते. स्प्रेने पाणी मारा. लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते, सुकली की पुन्हा दिसते. खरी बुरशी कोळिष्टकासारखी एका देठावरून दुसऱ्यावर चढते, पाण्याने जात नाही आणि तिला कुबट वास येतो. लव कायम मुळापाशी, देठावर कधीच नाही.

खरी बुरशी येते ती बहुतेकदा बी भिजवून पेरल्यामुळे. लाडवाची सवय हाताला असते, म्हणून पेरतानाही भिजत घालतात. मग बियांभोवती बुळबुळीत थर येतो, गोळे होतात, आत हवा जात नाही आणि बी कुजतं. कोरडंच बी ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) विरळ भुरभुरा, वर माती घालू नका, स्प्रे मारा, दोन दिवस ताटली झाका. मग खिडकीत, उजेडात. आठ-दहा दिवसांत कापणी. पावसाळ्यात पाणी निम्मं करा. एप्रिल-मेमध्ये खिडकीतलं ऊन सोसत नाही. पुण्यात खरी मजा थंडीतच.

पहिली पानं तीन भागांची दिसली म्हणून "दुसरंच बी दिलंत" असंही ऐकतो. मोहरी-मुळा याच कुळातले, पण त्यांची पहिली पानं पत्त्यातल्या बदामासारखी. हळिवाची तीन भागांचीच असतात.

वाण्याकडचं हळीवही उगवतं, नाही असं नाही. पण ते किती जुनं आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. आम्ही प्रत्येक लॉट आधी उगवून बघतो, औषध लावलेलं बी ठेवत नाही, म्हणून दोन पैसे जास्त. कापल्यावर हळीव पुन्हा फुटत नाही, तेव्हा दर आठवड्याला थोडं थोडं पेरणाऱ्यांना मोठं पाकीट परवडतं.

तरीही शंका असेल तर स्प्रेच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. बुरशी निघाली तर नवं पाकीट फुकट. फोटोशिवाय ट्रे बदलून मिळणार नाही. ट्रेही आमचाच हवा असं नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडली की झालं.