सोडतीत हरलेली मुलं आणि दोन भाषांची शाळा

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी एकाच प्रश्नावर अठरा वर्षांत दोन उलट कौल दिले. जून १९९८ मध्ये २२७ क्रमांकाचा प्रस्ताव ६१ टक्के मतांनी मंजूर झाला आणि सरकारी शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणं जवळपास बंद पडलं. ज्यांना तसं शिक्षण हवं होतं त्या पालकांनी दरवर्षी स्वतः शाळेत जाऊन लेखी सूट मागायची. मूल दहा वर्षांखालचं असेल तर आधी तीस दिवस इंग्रजी वर्गात काढायचे, मगच सूट. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५८ क्रमांकाचा प्रस्ताव ७३ टक्क्यांहून जास्त मतांनी आला आणि ही बंधनं गेली. मुलांचे मेंदू या अठरा वर्षांत बदललेले नव्हते. तरीही दोन्ही वेळेला दोन्ही बाजू ‘संशोधन आमच्याकडे आहे’ असंच सांगत होत्या.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. १९९८ च्या कायद्यात ‘इमर्शन’ म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला साधारण वर्षभर फक्त इंग्रजीत ठेवायचं आणि मग नेहमीच्या वर्गात पाठवायचं. ‘ड्युअल लँग्वेज इमर्शन’मध्ये मात्र दोन्ही भाषांतून गणित, विज्ञान, वाचन वर्षानुवर्षं शिकवतात. एकच शब्द, अर्थ जवळजवळ विरुद्ध. मराठीत त्याला ‘विसर्जन’ म्हणावं तर पहिलीच्या मुलांना चौपाटीवर नेल्यासारखं वाटेल, म्हणून या दुसऱ्या प्रकाराला इमर्शनच म्हणू.

वर्गात नेमकं काय होतं? दोन पद्धती जास्त चालतात. ‘९०/१०’ मध्ये बालवर्गात नव्वद टक्के वेळ स्पॅनिश (किंवा जी दुसरी भाषा असेल ती) आणि दहा टक्के इंग्रजी. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला तर इंग्रजीच्या वाट्याला येतात ३६ मिनिटं. मग इयत्तेगणिक इंग्रजी वाढवत चौथी-पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं करतात. ‘५०/५०’ मध्ये सुरुवातीपासून अर्धा दिवस ही भाषा, अर्धा ती. युटा राज्याने २००८ साली कायदा करून ही दुसरी पद्धत राज्यभर नेली. तिथे दोन वर्ग, दोन शिक्षक असतात. सकाळी एक तुकडी चिनी शिकवणाऱ्या बाईंकडे आणि दुसरी इंग्रजीच्या बाईंकडे. जेवणाच्या सुट्टीनंतर अदलाबदल. खालच्या इयत्तांत गणित दुसऱ्या भाषेतूनच होतं. नियम एकच, पण कडक: ज्या बाईंची जी भाषा, त्या वर्गात तीच बोलणार. मुलाने इंग्रजीत विचारलं तरी उत्तर चिनीत, हातवारे आणि चित्रांसकट. भाषांतर करून द्यायचं नाही, कारण भाषांतर मिळतं हे एकदा कळलं की मूल दुसरी भाषा ऐकणंच सोडतं.

‘टू-वे’ प्रकारात वर्गातली निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी आणि निम्मी इंग्रजी बोलणारी घेतात. कुठल्याही गटाचं प्रमाण एक तृतीयांशाच्या खाली जाऊ नये असा संकेत आहे. त्याखाली गेलं की छोटा गट गप्प होतो आणि खेळाच्या तासाला सगळे इंग्रजीवर येतात.

आता मुख्य प्रश्न. या शाळांतली मुलं इंग्रजी वाचनाच्या परीक्षेत बाकीच्यांपेक्षा बरी निघतात, असे आकडे अमेरिकेत अनेक वर्षं फिरत आहेत. ते खोटे नाहीत. पण त्यांतून काही सिद्धही होत नाही. आपल्या मुलाला चिनी शिकवायला निघालेले आईबाप कोण असतात? जे वेळेत अर्ज भरतात, शाळा बघून येतात, रात्री गोष्ट वाचून दाखवतात. त्यांची मुलं साध्या शाळेतही बरीच वाचती. मग पुढे निघाली ती शाळेमुळे की घरामुळे? उत्पन्न, आईचं शिक्षण, घरची भाषा हे सगळं संख्याशास्त्राने ‘समान करून’ घेता येतं, पण उत्साह कुठल्या रकान्यात भरायचा?

इथे मदतीला येते सोडत. महाराष्ट्रात आरटीईच्या २५ टक्के जागांची सोडत ज्यांनी भोगली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. जागा कमी, अर्ज जास्त, म्हणून संगणक नावं काढतो. पालकांना तो छळ वाटतो, संशोधकाला मात्र ते आयतं घबाड आहे. जिंकलेली आणि हरलेली, दोन्ही मुलं अर्ज भरणाऱ्या घरांतलीच असतात. उत्साह दोन्हीकडे सारखा. फरक फक्त चिठ्ठीचा, आणि चिठ्ठीला आईचं शिक्षण माहीत नसतं. म्हणून तुलना इमर्शनची मुलं विरुद्ध गावातली सगळी मुलं अशी करायची नाही. सोडतीत जिंकलेले विरुद्ध सोडतीत हरलेले अशी करायची.

ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहराच्या सरकारी शाळांत बालवर्गाच्या इमर्शन जागा अशाच सोडतीने भरत. स्पॅनिश, जपानी, चिनी, रशियन असे वर्ग तिथे होते. जेनिफर स्टील आणि सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या तुकड्यांमधली १,६२५ मुलं घेतली आणि पुढे त्यांचं काय झालं ते पाहिलं. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

पण सोडतीतही एक गोची आहे आणि ती सोडवण्याची रीत इतकी देखणी आहे की इथे थोडं थांबायलाच हवं. जिंकलेलं प्रत्येक मूल त्या वर्गात बसतंच असं नाही. कुणी गाव सोडतं, कुणी दुसरीत कंटाळतं. हरलेल्यांपैकीही काही प्रतीक्षा यादीतून नंतर आत येतात. मग ‘प्रत्यक्ष शिकलेले’ आणि ‘प्रत्यक्ष न शिकलेले’ असे गट का करू नयेत? कारण वर्ग सोडून जाणं चिठ्ठीवर ठरत नाही. वाचन जड जाणारी मुलं आधी सोडतील, उरतील ती हुशार, आणि आपण पुन्हा मूळ खड्ड्यात. म्हणून औषधांच्या चाचण्यांत असते तीच शिस्त पाळायची. ज्याला चिठ्ठी लागली तो कायम जिंकलेल्यांच्या गटात, मग तो वर्गात एक दिवस का बसलेला असेना.

समजा २०० अर्ज आहेत आणि १०० जागा. जिंकलेल्या १०० पैकी ८० मुलं वर्गात टिकली. हरलेल्या १०० पैकी २० मागच्या दाराने आत आली. पाचवीच्या वाचन चाचणीत जिंकलेल्यांची सरासरी ५३, हरलेल्यांची ५०. फरक ३ गुणांचा. हा झाला ‘संधी मिळाल्याचा’ परिणाम. आता बघा, चिठ्ठीमुळे इमर्शनमध्ये जाण्याचं प्रमाण २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं, म्हणजे वाढ शंभरात ६० मुलांची. चिठ्ठीने दुसरं काहीच बदललं नसेल, तर ते ३ गुण या ६० टक्के मुलांनीच आणलेले असणार, बाकीच्यांनी नाही. म्हणून ३ भागिले ०.६, बरोबर ५ गुण. हा ‘प्रत्यक्ष शिकल्याचा’ परिणाम. आणि तोही सगळ्या मुलांचा नाही; चिठ्ठी लागली तर जातील आणि न लागली तर जाणार नाहीत, फक्त अशाच मुलांचा. जी काहीही करून गेलीच असती किंवा कधीच गेली नसती, त्यांच्याबद्दल सोडत मौन पाळते. (डोकं गरगरलं तर हा हिशेब कागदावर एकदा मांडा, पाच मिनिटांत बसतो.)

पोर्टलंडचे आकडे पहिल्या प्रकारचे, म्हणजे संधीचे आहेत. इंग्रजी वाचनात जिंकलेली मुलं पाचवीत प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १३ टक्के आणि आठवीत २२ टक्के पुढे होती. संशोधकांच्या हिशेबाने ही आघाडी साधारण सात ते नऊ महिन्यांच्या शिक्षणाएवढी. रांगेच्या भाषेत सांगायचं तर शंभर मुलं गुणांनुसार खालपासून वर उभी केली आणि आपलं मूल बरोबर मधे असेल, तर २२ टक्के म्हणजे ते पन्नासाव्या जागेवरून सुमारे एकोणसाठाव्या जागेवर जातं. चमत्कार नाही, पण शाळेच्या कुठल्याही उपायासाठी वाईट नाही. गणित आणि विज्ञानात विशेष फायदा दिसला नाही आणि तोटाही नाही. हा ‘तोटा नाही’ कमी लेखू नका. ही मुलं दिवसाचा मोठा भाग इंग्रजीबाहेर घालवत होती आणि परीक्षा इंग्रजीत देत होती. घरी इंग्रजी नसलेल्या मुलांपैकी सहावी-सातवीपर्यंत ‘अजून इंग्रजी शिकणारा’ या शिक्क्याखाली राहण्याचं प्रमाण जिंकलेल्यांत शंभरामागे तीन ते चार मुलांनी कमी होतं. घरची भाषा आणि वर्गातली दुसरी भाषा एकच असेल तिथे हा परिणाम अधिक ठळक.

स्पॅनिशमध्ये घालवलेला वेळ इंग्रजी वाचनाला कसा लागू पडतो? एक उत्तर लिपीत आहे. स्पॅनिशमध्ये पाच स्वर आणि त्यांना पाच अक्षरं. ‘मेसा’, ‘मानो’ जसं लिहिलं तसं वाचायचं. इंग्रजीत एकच ‘ए’ दहा सोंगं घेतो. युरोपातल्या लिप्यांच्या २००३ सालच्या तुलनेत पहिलं वर्ष संपताना स्पॅनिश मुलं ओळखीचे शब्द ९५ टक्के अचूक वाचत होती, स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी ३४ टक्के. अक्षर म्हणजे आवाज आणि आवाज जोडले की शब्द, ही युक्ती एकदाच शिकावी लागते. सोप्या लिपीत ती लवकर बसते आणि मग अवघड लिपीत नेता येते. दुसरं उत्तर शब्दांत आहे. स्पॅनिश घरातला रोजचा ‘फासिल’ म्हणजे सोपं. तोच इंग्रजीत ‘फॅसाइल’ होऊन पुस्तकी बनतो. ‘इन्फोर्मासिओन’ आणि ‘इन्फर्मेशन’, ‘एलेक्त्रिसिदाद’ आणि ‘इलेक्ट्रिसिटी’. इंग्रजी विज्ञानाचे लॅटिन शब्द या मुलाच्या आजीच्या तोंडी असतात, फक्त कुणीतरी ते जोडून दाखवावे लागतात. संस्कृत शब्दांमुळे आपल्याला बंगाली मजकूर ऐकून अर्धा कळतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र जपानी किंवा चिनी वर्गाला हे दोन्ही खुलासे लागू पडत नाहीत, आणि सोडत ‘किती’ ते सांगते, ‘का’ ते सांगत नाही. वर्गातल्या सोबत्यांचा गुण लागला असेल तर तोही याच आकड्यात मिसळलेला आहे.

आता दोन अंधश्रद्धा. पहिली आपल्याकडेही घरोघरी आहे: दोन भाषा कानावर पडल्या की मूल गोंधळतं, बोलायला उशीर करतं, म्हणून घरी मराठी बंद करा. गोंधळ म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणं असतं, आणि ते तर मोठेही दिवसभर करतात. दुसरी अंधश्रद्धा सुटाबुटातली आहे: द्विभाषिक मेंदू जास्त तल्लख, लक्ष जास्त एकाग्र, म्हणून फी जास्त. अमेरिकेतल्या ९-१० वर्षांच्या ४,५२४ मुलांच्या माहितीवरून २०१९ मध्ये झालेल्या मोठ्या तपासणीत असा फायदा आढळला नाही. दुसरी भाषा शिकली की दुसरी भाषा येते. एवढं कारण पुरेसं आहे.

सेमी-इंग्रजीचे समर्थक पोर्टलंडचा निकाल उचलतील, म्हणून सांगून ठेवतो: तिथला वर्ग आणि आपला सेमी वर्ग एक नाही. आपल्याकडे पुस्तक इंग्रजी आणि समजावणं बहुधा मराठी असतं, म्हणजे तिथे ज्याला मनाई आहे नेमकं तेच. शिवाय तिथे मूल बाहेर पडलं की रस्ताभर इंग्रजीच असते, त्यामुळे इंग्रजी बुडायची भीती फारशी नसते.

चालवताना हे वर्ग कुठे अडतात? मधून गळणाऱ्या मुलांपाशी. समजा पहिलीत २८-२८ च्या दोन तुकड्या, एकूण ५६. दरवर्षी सहा मुलं गेली तर पाचवीत ३२ उरतात. नेहमीच्या वर्गात रिकामी जागा नव्या मुलाने भरते. इथे तिसरीत आलेल्या मुलाला चिनीतलं गणित कसं कळणार? म्हणून जागा रिकामीच राहते. १६-१६ मुलांचे दोन वर्ग आणि शेजारच्या इंग्रजी वर्गात तिशीच्या वर गर्दी. पालकसभेत भांडण इथूनच सुरू होतं. दुसरी अडचण तिसरीच्या परीक्षेची. ९०/१० मधल्या मुलाचं इंग्रजी वाचन बहुधा दुसरी-तिसरीत पद्धतशीर सुरू होतं आणि राज्याची इंग्रजी चाचणी तिसरीत येते. गुण कमी पडतात, पालक घाबरून मूल काढून घेतात, आणि वर्षा-दोन वर्षांत भरून निघणारी तूट भरायच्या आत वर्ग रिकामा होतो. तिसरी अडचण शिक्षकांची: तिसरीचं गणित चिनीत शिकवू शकणारा माणूस हवा. नुसती चिनी येऊन भागत नाही आणि नुसतं गणित येऊनही.

आणि जागा कुणाला, हा प्रश्न राहतोच. द्विभाषिक शिक्षणाच्या अभ्यासक ग्वादालुपे वाल्देस यांनी १९९७ सालीच इशारा दिला होता की मिश्र वर्गात इंग्रजी मुलांना कळावं म्हणून बाई स्पॅनिश सोपी करत गेल्या, तर ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांना पातळ केलेली भाषा मिळते. सोडतीच्या नियमांत स्पॅनिश घरांसाठी वेगळा कोटा ठेवतात तो याचसाठी. कोटा नसेल तर संगणकापुढे बसून पहिल्या दिवशी अर्ज भरणारी घरंच जास्त जागा नेतात.

इतकं करून दुसरी भाषा किती येते? पोर्टलंडमध्ये आठवीपर्यंत स्पॅनिश आणि चिनी वर्गातली मुलं सरासरीने मध्यम पातळीच्या आसपास होती. म्हणजे दुकानात काय हवं ते सांगता येतं, रस्ता विचारता येतो, काल काय झालं ते सलग वाक्यांत सांगता येतं. पण वर्तमानपत्रातल्या अग्रलेखावर वाद घालायला लागलं की शब्द संपतात.