डिस्क एक, वाटा चार: दोष कोणाचा हे कर्नल कसा ठरवतो

मोठ्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हरची डिस्क पुष्कळदा सर्व्हरच्या पोटात नसते. ती वेगळ्या स्टोरेज यंत्रणेत असते आणि तिथवर सर्व्हरमधली दोन कार्डे, दोन स्विच आणि स्टोरेजचे दोन कंट्रोलर यांतून अनेकदा चार वाटा जातात, म्हणजे एखादी केबल निघाली तरी काम थांबत नाही. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मात्र सुरुवातीला चार निरनिराळ्या डिस्क दिसतात. मल्टिपाथडी ही सेवा त्यांचे ओळख क्रमांक तपासते, ते एकच निघाले की डिव्हाइस मॅपर या कर्नलमधील थराकडून चौघींची मिळून एक आभासी डिस्क तयार करवते, आणि पुढे सगळे प्रोग्राम तिच्याशीच बोलतात.

एक वाट सोडून दुसरी धरणे यात फारसे अवघड नाही. खरी कसोटी लागते ती दोष कोणाचा हे ओळखताना. समजा, डिस्कवरचा एक सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचा छोटासा कप्पा, खराब आहे आणि तो वाचता येत नाही. हे उत्तर स्टोरेजकडून व्यवस्थित पोहोचले, याचाच अर्थ वाट ठणठणीत आहे. तरीही कर्नलने वाटेला दोषी धरले, तर तीच मागणी दुसऱ्या, मग तिसऱ्या वाटेने जाईल, तेच उत्तर येईल, आणि एका खराब सेक्टरपायी चारही चांगल्या वाटा बाद होतील. म्हणून कर्नलमधले एक छोटेसे फंक्शन आधी चुकीचा प्रकार पाहते. जागा संपली, आज्ञाच समजत नाही, डिस्क दुसऱ्या सर्व्हरने राखून ठेवली आहे किंवा माध्यम खराब आहे, अशा चुका थेट वर, मागणी करणाऱ्याकडे, कळवल्या जातात. बाकीच्यांत वाट बाद ठरते आणि मागणी दुसरीकडे वळवली जाते. मला तर या साऱ्या रचनेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

तुटलेल्या वाटेपेक्षा गप्प राहणारी वाट अधिक घातक असते. स्कझी (SCSI) या आज्ञापद्धतीने चालणाऱ्या डिस्कसाठी कर्नल साधारणपणे 30 सेकंद उत्तराची वाट पाहतो, मग आज्ञा रद्द करून पाहतो, डिस्क रिसेट करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर शेवटी अख्खे कार्ड रिसेट करतो. हे चालू असताना वाटा एकत्र करणाऱ्या डिव्हाइस मॅपरच्या थराला काहीच कळत नाही, कारण मागणी अजून परतलेलीच नसते. या खटाटोपावर एकूण वेळेची मर्यादा घालता येते, पण ती सोय मुळात बंद असते.

चारही वाटा गेल्या तर चूक लगेच कळवावी की मागण्या रांगेत धरून ठेवाव्यात, हे प्रशासकाने ठरवायचे असते. बेमुदत रांग मला धोक्याची वाटते, कारण लिहायचा राहिलेला डेटा मेमरीत साचत जातो आणि प्रोग्राम असे अडकतात की ते बंदही करता येत नाहीत. वाटा पुन्हा जोडणारी मल्टिपाथडी त्याच हरवलेल्या डिस्कवर साठवलेली असू शकते. म्हणूनच ती सुरू होताच स्वतःला मेमरीत कायमची कुलूपबंद करून घेते. एनव्हीएमई (NVMe) या वेगवान जोडणीच्या डिस्कसाठी 2018 मध्ये आलेल्या कर्नलच्या 4.15 आवृत्तीपासून वाटा निवडण्याचे काम कर्नलमधला ड्रायव्हरच करू शकतो, त्यामुळे तिथे अशा बाहेरच्या सेवेवर विसंबावे लागत नाही.